कातळिणीचे हात

मु. सुरखार, चौलजवळ
६ जानेवारी २०२५

आफरा,

पत्राची सुरुवात कशी करायची ते मी सातवीत शिकले होते, पण ते मोठ्यांना लिहायच्या पत्राचं होतं. तुला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. म्हणून नुसतं नाव लिहिते. मी नलू. तुझ्या अब्बांच्या होडीवरची ओझी उतरवायला यायची ती नलूबाय. ओळख पटायला एवढं पुरे, कारण बाकीची मी तू चित्रात काढलीच आहेस.

तुझं चित्रकथेचं पुस्तक मला तेजस्वीने दाखवलं. ती चार वर्षांची आहे, आमच्या अंगणवाडीत येते. मी तिथे मदतनीस आहे. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते. तेजस्वीच्या बापाने, म्हणजे बुधाजीच्या रितेशने, ते अलिबागहून आणलं. पोरीने पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "नलूबाय, ही तू हायस." मी चष्मा लावून बघितलं. काष्टा वर खोचलेला, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, आणि एका हाताने होडी डोक्यावर धरलेली. खाली नाव कातळीण. पुढच्या पानावर ती मांडव्याची जेट्टी उपटते आणि माणसांनी भरलेल्या बोटीवर फेकते. माणसं मरतात आणि ती हसते.

खरं सांगू का, आधी मलाही हसू आलं. हल्ली गॅसचं सिलेंडर सरकवताना मला कंबर धरावी लागते, आणि तू मला जेट्टी उपटायला लावलीस. दंड मात्र झोकात काढलेस. तेवढे कधीच नव्हते. तुझी ती चांगली मुलगी, भरती-ओहोटी हातात असलेली उधाणी, ती आमच्या पोरांना आवडत नाही. त्यांना कातळीणच पाहिजे. आता रोज खाऊन झालं की माझ्या दंडांना लोंबकळतात आणि "कातळीण, उचल" म्हणतात. एका वेळी दोघांना अजून उचलवतं.

पण मग रितेशने फोनवर तुझी मुलाखत ऐकली. त्यात तू सांगितलंस की कातळीण मनातून काढलेली नाही, ती तुमच्या गावात होती आणि तिने तुझ्या अब्बांवर होडी सोडली. नाव घेतलं नाहीस. पण सुरखारमध्ये होडी धरणारी बाई दुसरी कोण होती?

पुस्तकात छापणाऱ्यांचा पत्ता आहे, तिथे हे पाठवते. तू बरी आहेस ना? महेरुभाभी कशा आहेत? त्यांचे गुडघे दुखायचे.

नलू


मुंब्रा
१९ जानेवारी २०२५

नलूबाय,

पत्र मिळालं. घरचा पत्ता वर लिफाफ्यावर आहे, फोन नंबर देणार नाही. फोनवर माणूस उगाच गोड बोलतो, आणि मला तुझ्याशी गोड बोलायचं नाही. लिहिलंस तर उत्तर देईन.

हो, ती तूच आहेस. चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं होतं, ज्याची भीती वाटते ते काढा. कोणी पाल काढली, कोणी विहीर काढली. मी तुझे हात काढले. तेव्हापासून काढतेच आहे. आता लोक ते वाचतात आणि पुढचा अंक कधी म्हणून विचारतात, एवढाच फरक.

मला जे आठवतं ते लिहिते, म्हणजे तू मला लहान होतीस म्हणून उडवून लावणार नाहीस. शिमग्याची पुनव होती. दुपारच्या मोठ्या भरतीला होडी खाडीच्या काठावर वर घेतली होती, पाणी उतरलं की तळ खरवडायला. दोन्ही अंगांना लाकडाचे टेकू होते. ते लावायचं काम तुझं, कारण खांद्याने होडी जराशी उचलून टेकू खाली सारायला तीन गडी लागायचे आणि तू एकटी ते करायचीस. अब्बा तुझं कौतुक सांगताना थकत नव्हते. अब्बा आणि बुधाजीकाका तळाखाली बसून चिकटलेले शिंपले खरवडत होते. मग ओरडा झाला. मी पाहिलं तेव्हा तू होडीला पाठ लावून उभी होतीस. बुधाजीकाका रांगत बाहेर आले. अब्बा यायचे होते. मी धावत आले. तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मला अजून दिसतं. आणि मग तू होडी सोडलीस आणि मला ढकललंस. माझ्या कोपरावर वण आहे.

तू आणखी धरू शकली असतीस. अम्मी म्हणते, नलूने मनात आणलं असतं तर यूनुस बाहेर येऊन, नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून परत आला असता तरी तिने होडी धरून ठेवली असती. त्या वर्षी आम्ही मुंब्र्याला मामूंकडे आलो आणि इथेच राहिलो. तुझं नाव निघालं की अम्मी जेवत नाही. तिच्या गुडघ्यांची चौकशी तू करू नकोस.

वाचक विचारतात, कातळीण एवढी दुष्ट का? मी अजून काही ठरवलेलं नाही. तूच सांग. का सोडलीस?

आफरा


सुरखार
३० जानेवारी २०२५

आफरा,

हात सुटले. दुसरं काही नाही.

टेकू मी लावला होता, तो नीट बसला नाही. हे मी त्या दिवशी पोलिसांना सांगितलं, गावाला सांगितलं, तुझ्या अम्मीच्या पायांशी बसून सांगितलं. बावीस वर्षांत त्यात एक शब्द बदललेला नाही. तेव्हा नवीन काही निघेल म्हणून थांबू नकोस.

आता माझं काम. रितेशने पंचायतीत अर्ज दिला आहे. जिच्यामुळे माणूस मेला ती बाई लहान पोरांजवळ नको, असा. सोबत तुझं पुस्तक जोडलंय, तुझी मुलाखतही ऐकवणार आहे. बारा जणांच्या सह्या आहेत. पाच मार्चला खास ग्रामसभा लावली आहे. आमच्या सेविका प्राप्तीबाई म्हणाल्या, त्या मुलीकडून दोन ओळी आणा, अपघात होता एवढ्याच, मग कोणी काही करू शकत नाही. तर त्या दोन ओळी लिहून दे. कातळीण तुझी आहे, तिला जे करायचं ते करू दे, फक्त ती वेगळी आणि नलू वेगळी एवढं लिही.

मला त्या कामाची हाव नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? आहे हाव. मला नवरा नाही, पोर नाही. होडी उचलणाऱ्या बाईला कोणी मागणी घातली नाही, हिला खायला किती लागेल म्हणून घाबरले असतील. सकाळी साडेनऊला अंगणवाडीचं दार उघडलं की एकवीस पोरं आत येतात. कोणाची चड्डी उलटी असते, कोणी रडत असतं. दुपारी ती गेली की दुसऱ्या दिवसाच्या साडेनऊची वाट बघते. माझं घर म्हणजे तेवढंच.

रितेशवर रागावू नकोस. तोही पोरीचा बाप आहे. त्याचा बाप माझ्या पाठीखालून जिवंत बाहेर आला, हे बुधाजीने त्याला कधी धड सांगितलंच नाही. बुधाजीला तो दिवस आठवायचा नव्हता, आणि तीन वर्षांपूर्वी तो गेला.

दोन ओळी पाठव.

नलू


मुंब्रा
१२ फेब्रुवारी २०२५

नलूबाय,

दोन ओळी पाठवत नाही. 'हात सुटले' हे उत्तर नाही. ताट हातातून सुटतं, होडी नाही.

पण तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. एकवीस पोरांचं ते वाचून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून तुझा रागही आला. तेव्हा असं करू. पुढच्या अंकात कातळीण कातळीण कशी झाली ते यायचंय. मी तोच दिवस काढणार आहे, जसा झाला तसा. लेखी काय वाटेल ते सांगता येतं, पण चित्रात होडी उभी राहावी लागते आणि पडायची तर ती कुठल्या तरी बाजूलाच पडते. काढून झाल्यावर मला जर तो अपघात दिसला, तर दोन ओळी देईन, आणि पाच मार्चच्या आत देईन. शब्द देते.

त्यासाठी मला हे हवं. टेकू किती होते? कुठल्या अंगाचा गेला? तो गेला तेव्हा तू कुठे उभी होतीस? आणि मी कुठे होते? मला माझं धावत येणं आठवतं, कुठून धावत आले ते आठवत नाही.

अम्मीला यातलं काही माहीत नाही. तुझी पत्रं मी रंगांच्या खोक्यात ठेवते.

आफरा


सुरखार
२० फेब्रुवारी २०२५

आफरा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी काही लिहिलं नाही. रघू पोस्टमनने विचारलंही, "नलूबाय, उत्तर न्हाय का द्यायचं?" एरवी मी त्याला दारात थांबवून चहा पाजते आणि पत्र पुरं करते. या वेळी नुसता चहा पाजला.

तू विचारलंस त्याची उत्तरं. टेकू प्रत्येक अंगाला तीन. खाडीकडच्या अंगाचा मधला गेला. कुजका होता, माझ्या लक्षात आलं नाही, तो मोडला. मी तेव्हा तिथेच, होडीजवळ होते. तू वर होळीच्या माळावर पोरांबरोबर नाचत होतीस. ओरडा ऐकून आलीस. त्याआधीचं तू काहीच पाहिलेलं नाहीस, मग काढणार कशाच्या आधारावर?

ते पान काढू नकोस. मी हे रागाने सांगत नाही. कातळिणीला मांडव्याची जेट्टी उपटू दे, चौलचं बंदर उपटू दे, तुला सुचेल ते उपटू दे. वाटल्यास माझं नाव घाल खाली. पण तो दिवस नको. आणि त्या दोन ओळीही मला आता नकोत. मी उगाच मागितल्या. ग्रामसभेचं माझं मी बघते.

ऊन वाढलंय. महेरुभाभींचे रोजे आता सुरू होतील, तिथे पाणी साठवायची सोय असेल अशी आशा करते.

नलू


मुंब्रा
१ मार्च २०२५

नलूबाय,

ते पान मी काढलं. अकरा वेळा काढलं.

कुजका टेकू मोडला असता तर होडी एकदम आली असती. तू पाठ लावायला पोचलीच नसतीस. बुधाजीकाका रांगत बाहेर आले नसते. होडी सावकाश कलली. म्हणजे टेकू मोडला नाही, तो तिथे नव्हता. आधी नव्हता आणि मग होडी हळूहळू कलायला लागली. हे मला आठव्या की नवव्या वेळी कळलं. तरी मी शहाणीसारखी पुढे काढत राहिले, तुला पकडलं या आनंदात.

मग मला स्वतःला काढायचं होतं. माळाकडून धावत येणारी आठ वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक. लहान मुलांचे हात काढणं अवघड असतं म्हणून आम्ही त्यांच्या हातात काहीतरी देतो, बाहुली, फुगा. मी विचार करत बसले की हिच्या हातात काय द्यावं. आणि मला माझे तळहात आठवले. त्या आठवड्यात घरात एवढी माणसं होती, आणि अम्मी मला मोरीत नेऊन सुईने माझ्या तळहातातली कुसळं काढायची. तीन दिवस काढत होती. मी आजवर समजत होते की तू ढकलल्यावर पडले तेव्हा ती गेली. पण मी वाळूत पडले होते, नलूबाय. वाळूत पडून कुसळं जात नाहीत. आणि फ्रॉकला पुढून डांबर होतं. तो फ्रॉक धुतला नाही, जाळला.

होळीला घरटी एक लाकूड लागायचं. पोरं ते मागून नाही, चोरून न्यायची, आणि मोठे बघून न बघितल्यासारखं करायचे. मोहल्ल्यातून माळावर गेलेली मी एकटीच. रितेश म्हणाला होता, "तुमचा लाकूड आन, मंग नाच." आमच्या घरी लाकूड नव्हतं. आमच्याकडे गॅस होता.

माझ्या हातात काय होतं, नलूबाय? तू मला पाहिलं होतंस. एवढंच लिही.

सोबत ग्रामसभेसाठी वेगळं पत्र जोडलंय. दोन ओळी नाहीत, दोन पानं आहेत. टेकू मी काढला, माझ्यामुळे माझे अब्बा गेले, नलूने त्यात एक माणूस वाचवला, असं सगळं लिहून खाली सही केली आहे. पाच तारखेला सर्वांसमोर वाचून दाखव. मीच आले असते, पण उद्यापासून रोजे आहेत, अम्मीला काय सांगून निघू ते कळत नाही. तिला अजून काही बोलले नाही. तिच्यासमोर बसले की माझे तळहात मी मांडीवर पालथे ठेवते.

आफरा


सुरखार
१४ मार्च २०२५

आफरा,

तुझी दोन्ही पत्रं चार तारखेलाच मिळाली. पाच तारखेला तुझी दोन पानं मी कमरेला खोचून सभेला गेले. दीड तास बसले. रितेशने तुझी मुलाखत माइकला लावून ऐकवली. मग मला विचारलं, तुला काय म्हणायचंय? मी उठून म्हटलं, टेकू माझा होता, चूक माझी होती, आणि काम मी सोडते. सह्या करणारे खाली बघायला लागले. त्यांना वाटलं होतं मी भांडेन. प्राप्तीबाई रडल्या. चावी मी त्यांच्या हातात दिली आणि घरी आले.

तू मला शिव्या देशील. दे. पण तू विचारलंस, तर एकदाच लिहिते आणि परत कधी लिहिणार नाही.

हो, तुझ्या हातात टेकू होता. जुन्या होडीच्या लाकडाचा, डांबर माखलेला, तुझ्याहून लांब. खाडीकडची वाळू पाण्याने धुपली होती, म्हणून तो सैल झाला होता. तू तो दोन्ही हातांनी ओढत माळाकडे निघालीस, आणि मी पाहिलं. आफरा, मी पाहिलं आणि हसले. शिमग्याचं लाकूड नेणाऱ्या पोराला अडवत नाहीत, आमच्यात ते बरं दिसत नाही. आणि तू तर मोहल्ल्यातली एकटी, सकाळपासून बाजूला उभी होतीस. मला वाटलं, हिलाही आज नाचू दे, एका टेकूने काय होतंय, हातातलं काम झालं की दुसरा लावते. एक बादली धुवायची राहिली होती, ती धुवायला वळले. एवढाच वेळ गेला. तू आठ वर्षांची होतीस, मी चौतीसची. होडी कशाने उभी राहते हे तुला नव्हतं ठाऊक, मला होतं. तेव्हा टेकू माझाच, हे मी खोटं सांगत नव्हते.

दुसरं. मी होडी धरली होती. कलत होती तोवर धरवत होती. बुधाजी बाहेर आला. यूनुसभाय तळाच्या मधल्या लाकडाच्या, कण्याच्या पलीकडे होते, त्यांना वळून यायला जागा नव्हती. तेवढ्यात तू लाकूड टाकून धावत आलीस आणि सरळ होडीखाली शिरायला लागलीस, अब्बा, अब्बा करत. तुला धरायला मला हात पाहिजे होता, आणि हात काढला तर होडी राहत नव्हती. मी तुझ्याकडे पाहिलं ते तेव्हा. काय करू ते मला कळेना. मग आतून यूनुसभाय म्हणाले, "नलू, पोरीला धर." ओरडले नाहीत, साधं म्हणाले, जसं ओझं उतरवताना म्हणायचे. मी तुला धरलं आणि फेकलं.

त्या संध्याकाळी होळी लावायची की नाही यावर बोलणं झालं. लावली, ढोल मात्र वाजवला नाही. माळाच्या वाटेवर पडलेला टेकू मी उचलला आणि कोणी बघायच्या आत होळीच्या तळाशी घातला. काल परत होळी होती. तुझी दोन पानं मी त्यात घातली. माझ्या घरचं एक लाकूड म्हण.

आता माझं ऐक. महेरुभाभींना सांगू नकोस. त्यांनी बावीस वर्षं मला शिव्या घातल्या त्या मी उचलल्या. मला उचलायची सवय आहे. पण त्यांना हे कळलं तर त्या तुझ्याकडे कशा बघतील? त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे? कातळिणीला आहे तशीच राहू दे. पोरांना ती आवडते.

कोपराचा वण गेला नाही याचं वाईट वाटतं. मी तुला जोरात फेकलं असेल.

नलू


मुंब्रा
२ एप्रिल २०२५

नलूबाय,

तुझं पत्र मिळालं. परवा ईद झाली. काल पाहुणे गेल्यावर मी अम्मीच्या समोर बसले आणि तुझी सगळी पत्रं तिच्यापुढे ठेवली. तिने एकही उघडलं नाही. माझा हात घेतला, तळवा वर केला आणि म्हणाली, "मला माहीत हाय."

मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. कुसळं मीच काढली ना. काळी होती, डांबराची. तेव्हा तसलं लाकूड होडीशिवाय कुठे होतं गावात?"

मग मी विचारलं ते तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी विचारलं, मग एवढी वर्षं नलूबायच्या नावाने का बोललीस? माझ्यासमोर, रोज? तिने शेवयांचं पातेलं घासायला घेतलं. मग म्हणाली, "कुणाच्या तरी नावाने बोलायलाच पाहिजे होतं. न्हायतर तू शोधत शोधत तुझ्याच दारात आली असतीस. आणि नलूला झेपेल असं वाटलं. तिला सगळं झेपायचं."

म्हणजे तू माझ्यासाठी अम्मीपासून लपवलंस, अम्मीने माझ्यासाठी माझ्यापासून लपवलं, आणि मी मध्ये बसून तुझे हात काढत राहिले. लोकांनी ते विकत घेतले. त्यांतलं एक पुस्तक रितेशने घेतलं. नलूबाय, तुझं साडेनऊचं दार मी बंद केलं. अब्बांचं मी आठ वर्षांची असताना केलं, हे तिसाव्या वर्षी केलं, कळत्या वयात.

पुढचा अंक थांबवला आहे. अब्बा काय म्हणाले ते मी अम्मीला वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं.

आम्हाला दोघींना तुझ्याकडे यायचंय. मी तर उद्याच्या पहिल्या बोटीने मांडव्याला उतरले असते, पण अम्मी म्हणते, बोलावल्याशिवाय जायचं नाही, आपण तिला कुठल्या तोंडाने भेटणार? ये म्हण. एक ओळ टाक. मी रितेशलाही भेटेन, पंचायतीतही बोलेन, आणि या वेळी कागद तुझ्या हातात देणार नाही. अम्मीने तुझ्यासाठी शेवया बांधून ठेवल्या आहेत. तिचे गुडघे खूप दुखतात. तू विचारलं होतंस.

वाट बघते.

आफरा


(परत आलेल्या याच पत्राला टाचलेली चिठ्ठी)

सुरखार
९ एप्रिल २०२५

आफरा मॅडम यांस,

मी रघू, इथला पोस्टमन. तुमचं पत्र न फोडता परत पाठवत आहे. नलूबाय गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेली. हरिहरेश्वरला कुठल्या तरी भक्तनिवासात स्वयंपाकाला लागली असं काही जण म्हणतात. मी तिकडच्या पोस्टमनला विचारलं, त्याला माहीत नाही. पत्ता तिने दिला नाही. जाताना एवढंच म्हणाली, "मुंब्र्याचा पत्र आला तर परत धाड. वाचायला थांबले तर मी जायची न्हाय."

घर बंद आहे. सामान एका पिशवीत मावलं. तुमचं पुस्तक ती अंगणवाडीत ठेवून गेली. नवीन मदतनीस चांगली आहे, पण बारीक आहे. खाऊन झालं की पोरं तिच्या दंडांकडे बघत उभी राहतात. मी टपाल घेऊन तिथून जातो तेव्हा तेजस्वी मला रोज थांबवते आणि कातळीण कधी येणार म्हणून विचारते. तुम्हाला काही कळलं तर मला एक कार्ड टाका, म्हणजे तिला सांगता येईल.

रघू